घर दाखवण्याआधीचं नळकाम: दरवेळी तीच गळती परत का निघते?

भाडेकरार संपत आला किंवा फ्लॅट विकायला काढला की घर बघायला कोणीतरी येतंच. कधी मालक स्वतः, कधी एजंट, कधी घेणाऱ्याने सोबत आणलेला प्लंबर. हल्ली पुण्या-मुंबईत ओलावा मोजायचं यंत्र घेऊन येणारे तपासणीवालेही असतात. बघणारा कोणीही असो, यादी साधारण तीच निघते. बेसिनचा नळ ठिबकतोय, फ्लशमधून पाणी वाहतंय, बाथरूमला वास येतोय, मागच्या भिंतीला ओल आहे. आणि यातल्या बऱ्याच गोष्टी मागच्या खेपेला पैसे देऊन दुरुस्त केलेल्या असतात.

परदेशी आणि बाहेरगावी राहणाऱ्या नातेवाइकांचे पुण्यातले काही फ्लॅट मी सांभाळते. भाडेकरू बदलताना दरवेळी हेच चक्र बघितल्यावर माझं मत पक्कं झालंय. यातली बहुतेक कामं सोपी आहेत. ती परत निघतात, कारण ती घाईत, आदल्या दिवशी आणि जिथे पाणी दिसतं तिथेच केली जातात. पाणी दिसतं एकीकडे आणि मूळ असतं दुसरीकडे.

म्हणून पहिली गोष्ट वेळेची. तपासणीची तारीख कळली की निदान पंधरा दिवस आधी कामाला लागा. नवीन वायसर, नवीन टेप, नवीन सील बसवलं की त्यावरून काही दिवस पाणी वाहू द्यावं लागतं. गच्चीवरची टाकी भरते तेव्हा दाब वाढतो, पाणी संपत येतं तेव्हा कमी होतो. गीझर लावला की पाइप गरम होतात, मग थंड होतात. हे सगळं सोसून सांधा कोरडा राहिला तरच काम झालं म्हणायचं. आदल्या संध्याकाळी घट्ट केलेला सांधा रात्रभर बरा असतो आणि सकाळी पाहुण्यांसमोर थेंब सोडतो, हे सर्रास घडतं.

आधी पाणी बंद कुठून होतं ते शोधा

कुठल्याही नळाला पाना लावायच्या आधी घराचा मुख्य कॉक माहीत हवा. जुन्या इमारतींत तो स्वयंपाकघराच्या बाल्कनीत किंवा बाथरूमच्या माळ्यावर असतो. नव्या इमारतींत डक्टमध्ये (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत) किंवा गच्चीवर, प्रत्येक फ्लॅटच्या वेगळ्या पाइपवर. बऱ्याच घरांत दोन-तीन लाइनी असतात: पिण्याच्या पाण्याची वेगळी, बोअरच्या पाण्याची वेगळी, फ्लशची वेगळी. एक बंद केली म्हणून सगळं बंद झालं असं धरून चालू नका. सोसायटीच्या वॉचमनला किंवा पंप चालवणाऱ्या माणसाला विचारलं तर पाच मिनिटांत उलगडा होतो. कॉक बंद करून घरातला प्रत्येक नळ उघडून बघा आणि कुठला कॉक कशाचा, ते कागदावर लिहून माळ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. बघायला आलेला प्लंबर हा प्रश्न हमखास विचारतो, आणि उत्तर तयार असलं की घराबद्दल चांगलं मत होतं.

मग एक दिवस फक्त शोधायला द्या, दुरुस्तीला हात लावू नका. सिंकखाली, बेसिनखाली, वॉशिंग मशीनच्या नळाखाली आणि कमोडच्या मागे रात्री कोरडं वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी कागदावर डाग कुठे पडलाय ते बघा. हाताला न जाणवणारा ओलावा कागद बरोबर दाखवतो. डाग पडला की त्याच्या सरळ वर न बघता पाइपवरून बोट फिरवत वर जा. पाणी पाइपच्या पोटावरून वाहत खालच्या वळणावर येऊन टपकतं. म्हणूनच खालचा सांधा उगाच घट्ट केला जातो आणि वरचा गळत राहतो.

ठिबकणारा नळ

सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला साधारण वीस लिटर पाणी. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या सोसायटीत हे पाणी विकतचं असतं, त्यामुळे घर दाखवायचं नसलं तरी हे काम थांबवू नये.

नळ दोन प्रकारचे. ज्याची चावी दोन-तीन वेढे फिरवावी लागते तो जुना, वायसरचा नळ. पाणी बंद करायचं, वरची चावी आणि टोपी काढायची, पान्याने मुंडी उलगडायची. खालच्या टोकाला रबराचा वायसर दिसेल. त्यावर गोल खाच पडलेली असते. नवीन वायसर अगदी किरकोळ किमतीत मिळतो. पण तो बसवण्याआधी नळाच्या पोटात, जिथे वायसर टेकतो त्या पितळी कडेवरून बोट फिरवा. कड खडबडीत किंवा खचलेली असेल तर नवीन वायसरही थोड्याच दिवसांत कापला जातो. वायसर बदलून काही दिवसांत नळ परत ठिबकायला लागतो, त्याचं नेहमीचं कारण हेच. अशा वेळी नळच बदला.

ज्याची चावी फक्त पाव वेढा फिरते त्या नळात वायसर नसतो, सिरॅमिकच्या दोन चकत्यांचं स्पिंडल असतं. त्यात वाळूचा कण अडकला किंवा क्षार बसले की चकत्या पूर्ण मिटत नाहीत. काही वेळा स्पिंडल काढून कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड घालून तासभर भिजवलं, मऊ ब्रशने धुतलं की काम भागतं. नाही भागलं तर नवीन घ्या, पण जुनं स्पिंडल बरोबर घेऊनच दुकानात जा. वरून सगळी सारखी दिसतात, पण चावी बसते त्या दात्यांची संख्या आणि उंची कंपनीगणिक बदलते. चिमूटभर जास्त जोर लावून नळ बंद करायची सवय भाडेकरूंना आणि घरच्यांनाही असते. पाव वेढ्याच्या नळाला जोर चालत नाही, स्पिंडल लवकर जातं. नवीन बसवल्यावर घरात सगळ्यांना हे सांगून ठेवा.

तोटीतून नव्हे, चावीच्या मुळातून पाणी येत असेल तर तो दोष वेगळा. जुन्या नळात चावीखालची, दांड्याभोवतीचं पाणी अडवणारी ग्लँडची चाकी पाव वेढा आवळली की बहुतेकदा पाणी थांबतं. जास्त आवळू नका, चावी जड होते.

भिंतीतल्या आट्यांना हात लावण्याआधी

हा मुद्दा मी जरा ठासून सांगते, कारण यातून छोटं काम मोठं होताना मी बघितलंय. नळ भिंतीला जिथे लागतो तिथून पाणी पाझरत असेल तर सरळ मार्ग म्हणजे नळ उलगडायचा, जुनी टेप काढायची, आटे साफ करायचे, नवीन टेफ्लॉन टेप गुंडाळायची आणि परत बसवायचा. टेप नळाच्या आट्यांच्या टोकाकडे बघत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा, म्हणजे नळ फिरवताना ती उलगडत नाही, आणखी घट्ट बसते. प्रत्येक वेढा ओढून, आट्यांत बसेल असा.

पण भिंतीच्या आत काय आहे ते आधी समजून घ्या. जुन्या इमारतींत लोखंडी पाइप असतात. ते आतून गंजलेले असले तर नळ उलगडताना नळाबरोबर भिंतीतला एल्बोच, म्हणजे पाइप वळवणारा कोपऱ्याचा तुकडा, फिरतो किंवा आटा तुटून आत राहतो. गेल्या वीसेक वर्षांतल्या इमारतींत बहुतेक सीपीव्हीसी, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकचे पाइप असतात. त्यात पितळी आटे प्लास्टिकच्या एल्बोत बसवलेले असतात. नळ सरळ दिसावा म्हणून शेवटचा अर्धा वेढा जोराने मारला की एल्बोला बारीक तडा जातो. तो बाहेरून दिसत नाही. पाणी टाइल्सच्या मागे झिरपत राहतं आणि महिन्याभराने पलीकडच्या बेडरूमचा रंग फुगतो. म्हणून नळ वाकडा थांबला तर जोर लावू नका. उलगडून टेपचे दोन वेढे कमी-जास्त करा आणि परत लावा. आणि इमारत जुनी, लोखंडी पाइपांची असेल, पाझर अगदी कमी असेल आणि हाताशी वेळ नसेल तर तो सांधा तसाच राहू द्या आणि बघायला येणाऱ्याला तो दाखवा. भिंत फोडायची तयारी असल्याशिवाय तिथे पाना लावू नये.

अँगल कॉक

अँगल कॉक म्हणजे एकेका जागेचं पाणी बंद करायचा भिंतीवरचा छोटा कॉक. बेसिनखालचे, फ्लशमागचे आणि गीझरचे अँगल कॉक वर्षानुवर्षं कोणी फिरवत नाही. तपासणीवाला मात्र ते हमखास फिरवतो. जाम झालेला कॉक त्याच्या हातात अडकतो. नाहीतर फिरतो, आणि इतके दिवस क्षारांनी बुजलेली फट मोकळी होऊन चावीच्या मुळाशी थेंब येतो. पंधरा दिवस आधी सगळे कॉक एकदा बंद-चालू करा. जड असतील तर थोडं थोडं मागे-पुढे करत सोडवा, पकडीने पिळू नका, आत मोडतात. दोन दिवसांनी परत फिरवा. ज्यांच्या मुळाशी ओल दिसेल ते बदलून टाका.

तेव्हाच स्टीलची जाळी असलेले कनेक्शन पाइप बघून घ्या. जाळीवर तांबूस ठिपके, तुटलेल्या तारा किंवा टोकाशी फुगवटा दिसला तर पाइप बदला. हे पाइप फुटतात तेव्हा घरी कोणी नसलं तर खालच्या मजल्यापर्यंत पाणी जातं. टोकाच्या चाकीत रबरी वायसर असतो, त्यामुळे तिथे टेपची गरज नाही. चाकी हाताने पूर्ण बसवून पान्याने फक्त पाव वेढा आवळा. इथे टेप गुंडाळून जोराने आवळलेले पाइप मला नेहमी दिसतात. वायसर दबून कापला जातो आणि तीच जागा परत गळते.

फ्लशमधून वाहणारं पाणी

सगळ्यांत जास्त पाणी इथून जातं आणि सगळ्यांत कमी लक्ष इथेच असतं, कारण ना आवाज होतो ना फरशी भिजते. कमोडच्या आतल्या भिंतीवरून एक पातळ ओघळ सतत उतरत असतो. काही दिवसांनी तिथे पिवळट-तपकिरी रेघ उमटते. ती रेघ दिसली की तपासणीवाला टाकीचं झाकण न उघडताच ओळखतो.

खात्री करायला टाकीत कपड्यांच्या निळीचे चार-पाच थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश वापरू नका. कमोडमधलं पाणी निळसर झालं तर टाकी गळतेय. आता ती कुठून गळतेय ते ठरवायचं, आणि ही पायरी टाळल्यामुळेच चुकीचा भाग बदलला जातो. टाकीच्या आत पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने खूण करा, अँगल कॉक बंद करा आणि तासाभराने बघा. पातळी खाली गेली तर तळाचं सील खराब आहे. पातळी तशीच राहिली आणि कॉक चालू केल्यावरच ओघळ सुरू होतो, तर दोष पाणी भरणाऱ्या व्हॉल्व्हचा किंवा फ्लोटचा (पाण्याबरोबर वर येऊन भरणं थांबवणाऱ्या तरंगत्या भागाचा). पाणी जास्त भरतंय आणि मधल्या नळीतून वरून कमोडमध्ये सांडतंय.

तळाच्या सीलसाठी कॉक बंद करून टाकी रिकामी करा. मधला फ्लश व्हॉल्व्ह घड्याळाच्या उलट दिशेने पाव वेढा फिरवून वर उचलला की बहुतेक टाक्यांत सुटून हातात येतो. त्याच्या बुडाला रबराची पातळ चकती असते. तिच्या कडेवरून नख ओढा. बोअरच्या पाण्याच्या घरात नखाखाली पांढरा भुगा येतो, कड खरखरीत लागते, आणि रबर दुमडून बघितलं तर ते मऊ न वळता कडक राहतं. भुगा असेल पण रबर अजून मऊ असेल तर सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून धुवा. टाकीच्या तळाची ज्या कडेवर चकती बसते ती कडही स्पंजाने पुसा. नुसती चकती धुऊन कड तशीच ठेवली तर गळती राहते. रबर कडक झालं असेल तर चकती उलटी करून बसवण्यापेक्षा नवीन आणा. उलटी केलेली चकती थोडे दिवस चालते आणि नव्या भाडेकरूच्या पहिल्या महिन्यात तक्रार येते.

फ्लोटचा दोष असेल तर त्याच्या दांड्यावर स्क्रू किंवा सरकणारी क्लिप असते. पाण्याची पातळी मधल्या नळीच्या तोंडापासून साधारण एक इंच खाली थांबेल असं लावा. तरीही पाणी भरत राहिलं तर व्हॉल्व्हच्या तोंडाची बारीक जाळी काढून धुवा, त्यात वाळू अडकलेली असते.

भिंतीत बसवलेली टाकी असली तरी घाबरू नका. बटणांची पट्टी वर सरकवून किंवा दाबून निघते, आतल्या खिडकीतून हात जातो आणि आत एक छोटा कॉकही असतो. सगळं निघतं तिथूनच, टाइल फोडावी लागत नाही. फक्त कुठला भाग कसा निघतो त्याचे फोटो काढत चला. टाकीत टाकायच्या निळ्या वड्या मात्र कायमच्या बंद करा. त्यातल्या काहींतल्या क्लोरीनने रबर लवकर खराब होतं.

वास

बंद ठेवलेल्या घराचं दार उघडल्यावर येणारा वास बहुतेकदा नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालून येतो. जाळीखालच्या वाडग्यात साधारण दोन इंच पाणी साचून राहिलेलं असतं आणि तेच पाणी खालच्या लाइनीतला वास आणि झुरळं अडवतं. घर महिना-दीड महिना बंद राहिलं, त्यात एप्रिल-मे असला की हे पाणी उडून जातं. उपाय म्हणजे प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओता. बाल्कनीतली आणि वॉशिंग मशीनजवळची जाळी लोक विसरतात. घर पुढेही बंद राहणार असेल तर वरून चमचाभर खाद्यतेल सोडा, त्याच्या थराने पाणी उडायला वेळ लागतो.

पाणी असूनही वास येत असेल तर जाळी उचलून आतला कप बाहेर काढा. केस, साबणाचा थर, मेंदीचा गाळ असा एक काळपट गोळा निघतो. हातमोजे घालून तो काढा, कप धुऊन परत बसवा. पाणी लवकर जावं म्हणून काही घरांत हा कप काढून फेकून दिलेला असतो. तसं असेल तर कितीही फिनाइल टाकलं तरी वास थांबणार नाही, नवीन कप आणावा लागेल. बेसिनखाली बॉटल ट्रॅप (पाणी साठवून वास अडवणारं बाटलीसारखं भांडं) नसून नुसता लवचिक पाइप भिंतीच्या भोकात खुपसलेला असेल तर तेही बघा. तो पाइप पुढे नहाणी ट्रॅपमध्ये येत असेल तर चालतं, सरळ उभ्या लाइनीत जात असेल तर बॉटल ट्रॅप लावणं हाच उपाय. पाइप आणि भोक यांच्यातली फट रबरी रिंगने बुजवा.

सिंक हळू रिकामं होत असेल तर बाटलीतलं ॲसिड ओतण्याआधी बॉटल ट्रॅपखाली बादली ठेवून तो हाताने उलगडा. तेलकट गाळ तिथेच असतो. पाणी गरम वापरा, पण उकळतं ओतू नका, पीव्हीसी मऊ पडून सांधे सैल होतात. आणि ड्रेन साफ करायची पावडर, ॲसिड, ब्लीच यांतलं काहीही एकमेकांत मिसळू नका. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं की विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि आपली बाथरूम लहान असतात.

पाणी बारीक येणं

सोसायटीची टाकी धुतली की पुढचे काही दिवस नळांना पाणी बारीक येतं. तळाचा गाळ हलून पाइपमध्ये आलेला असतो आणि नळाच्या टोकाच्या जाळीत बसतो. जाळी हाताने उलगडते. नाही उलगडली तर भोवती कापड गुंडाळून पकडीने फिरवा. शॉवर रात्रभर सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात ठेवा. संडास साफ करायचं ॲसिड नळांवर लावू नका, क्रोमचा मुलामा जातो आणि टाइल्समधल्या भरावाचं नुकसान होतं.

एकाच नळाला कमी येत असेल तर दोष त्या नळाचा किंवा त्याच्या अँगल कॉकचा. सगळीकडे कमी असेल तर मुख्य कॉक पूर्ण उघडाय का ते बघा. सगळ्यांत वरच्या मजल्यावर मात्र दाब कमी असणं हा दुरुस्तीचा विषय नाही. दहा मीटर उंचीला एक बार दाब मिळतो, आणि टाकी डोक्यावर तीन मीटरच असेल तर मिळणार ०.३ बार. तिथे प्रेशर पंप लागतो. तो घरात नसेल तर बघायला येणाऱ्याला तसं स्पष्ट सांगा.

गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थोडे थेंब येणं ठीक आहे. पाणी प्रसरण पावतं, ते तिथून बाहेर पडतं. गीझर बंद असतानाही सतत ठिबकत असेल तर व्हॉल्व्ह बदलायचा. तो बूच लावून बंद करणं धोक्याचं आहे, कधीही करू नका. आणि गीझरच्या कामाआधी बटण बंद करून भागणार नाही, मेन स्विच पाडा.

भिंतीची ओल

यादीतली हीच गोष्ट सौदा मोडते किंवा डिपॉझिट अडकवते. आणि इथेच सगळ्यांत जास्त लपवाछपवी होते. पोपडे खरवडले, पुट्टी भरली, रंगाचा एक हात मारला. तो रंग दोन महिन्यांत फुगतो. ओलावा मोजायचं यंत्र तर त्याच दिवशी सांगतं. घेणाऱ्याचा विश्वास एकदा गेला की तो मग घरातल्या प्रत्येक गोष्टीकडे संशयाने बघतो, म्हणून ओलीवर रंग मारू नका.

ओल कुठून येते ते वेळेवरून कळतं. ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तारीख घाला आणि काही दिवस बघा. घर वापरात असो-नसो ओल वाढतच असेल तर पाण्याच्या दाबाच्या लाइनीत गळती आहे. मुख्य कॉक एक-दोन दिवस बंद ठेवून वाढ थांबते का ते तपासा. आंघोळी झाल्यावरच वाढत असेल आणि सुट्टीत घर बंद असताना सुकत असेल तर सांडपाण्याचा सांधा, नहाणी ट्रॅपभोवतीची फट किंवा टाइल्समधला भराव. फक्त पावसात येत असेल तर बाहेरची भिंत, खिडकीची कड किंवा गच्ची. छताला असेल तर वरच्या घराचं बाथरूम. ही उत्तरं नसताना वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावलं तर तो सरसकट सगळं बाथरूम फोडायचा खर्च सांगतो.

बाथरूमच्या फरशीवर संशय असेल तर पाणी साठवून बघता येतं. जाळीत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कापड घट्ट बसवा, उंबऱ्याच्या खालपर्यंत इंचभर पाणी भरा, भिंतीवर पातळीची खूण करा आणि चोवीस तास ठेवा. खालच्या काकूंना आधी सांगा आणि त्यांच्या छताकडे लक्ष ठेवायला सांगा. पातळी थोडीशी उडण्यापुरती उतरली तर चिंता नाही. चांगली उतरली किंवा खाली डाग आला तर फरशीतून पाणी जातंय. खालच्या छताला आधीच थेंब पडत असतील किंवा तिथे दिव्याचं कनेक्शन असेल तर हा प्रयोग करू नका.

दोष टाइल्समधल्या फटींचा निघाला तर तोडफोड लागत नाही. जुना पांढरा सिमेंट टोकदार हत्याराने दोन-तीन मिलिमीटर खोल खरवडून काढा, फटी पूर्ण सुकू द्या आणि इपॉक्सी ग्राउट (पाणी न शोषणारा, दोन भाग मिसळून करायचा भराव) भरा. ओल्या फटीवर भरलेलं ग्राउट सुटतं. जुन्यावरच नवीन थर फासलेलं तर हमखास सुटतं. नहाणी ट्रॅपच्या चौकटीभोवती आणि भिंत-फरशीच्या कोपऱ्यात विशेष काळजीने भरा, बरीचशी ओल तिथूनच जाते. पाकिटावर लिहिलेला वेळ होईपर्यंत बाथरूम वापरू नका. मूळ थांबल्यावर भिंत सुकायला कित्येक आठवडे लागतात. तपासणीपर्यंत सुकली नाही तर पेन्सिलीच्या रेघा आणि तारखा तशाच ठेवा. ओल मागे हटतेय याचा तो उत्तम पुरावा आहे.

खर्च कोणाचा

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची, पावसाची आणि सामायिक पाइपलाइनची गळती ही सोसायटीची जबाबदारी. घराच्या आतल्या संडास-सिंकची गळती त्या सभासदाची. म्हणजे वरच्या बाथरूममधून तुमच्याकडे ओल येत असेल तर खर्च वरच्या सभासदाचा, तुमच्या बाथरूममुळे खाली जात असेल तर तुमचा. सोसायटीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बांधकाम नवीन असेल तर प्लंबरला पैसे देण्याआधी ताब्याची तारीख बघा. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्तेच्या नियमनाच्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या कामगिरीतला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. पाइपलाइन आणि वॉटरप्रूफिंग त्यात येतं. तुम्ही मधेच तोडफोड केलीत तर बिल्डर जबाबदारी झटकतो, म्हणून आधी फोटो आणि लेखी तक्रार.

भाडेकरू असाल तर घरात राहायला आलात त्या दिवशीचे फोटो काढून मालकांना पाठवून ठेवा. झिजलेला वायसर किंवा स्पिंडल ही वापरातली झीज आहे, तुटलेला नळ हे नुकसान. डिपॉझिटवरून होणारे बहुतेक वाद या दोन गोष्टींत फरक न केल्यामुळे होतात.

तपासणीच्या दिवशी

त्या दिवशी पाना हातात घेऊ नका. सकाळी सगळे नळ मिनिटभर सोडून ठेवा, म्हणजे पाइपात साठलेलं गढूळ पाणी निघून जाईल. जाळ्यांत पाणी ओता. गीझर अर्धा तास आधी लावा. सिंकखालचं सामान बाहेर काढून ठेवा, तिथे वाकून बघायला जागा हवी. सोसायटीची पाणी सोडायची वेळ ठरलेली असेल तर तपासणी त्याच वेळेत ठेवा, कोरड्या नळांवरून कोणाला काहीच कळत नाही. काय दुरुस्त केलं, कधी केलं आणि कुठला सांधा अजून नजरेखाली ठेवायचा आहे हे एका कागदावर लिहून बिलांसोबत द्या. बदललेल्या स्पिंडलचं मॉडेल आणि दात्यांची संख्याही त्यावर टाका, पुढच्या माणसाचा दुकानातला एक हेलपाटा वाचेल. तपासणी झाल्यावर घर रिकामं राहणार असेल तर निघताना मुख्य कॉक बंद करून किल्लीच्या जुडग्याला तशी चिठ्ठी बांधा.